ताणाची किल्ली

कौसाआक्कांच्या ओसरीवर मी जितक्या वेळा बसलो, तितक्या वेळा मला लघवीला लागल्यासारखं झालं आहे. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते खरं आहे. मी एसटीत कंडक्टर होतो. दारू पिऊन बरळणारे, सुट्ट्या पैशांवरून अंगावर येणारे, असले पुष्कळ जण मी गाडीतून खाली उतरवले आहेत. त्यांची भीती वाटायची, नाही असं नाही, पण गाडी डेपोत लागली की ती संपायची. आक्कांची भीती माझ्याबरोबर घरी यायची.

आक्का ह्या पावसाळ्यात गेल्या. भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही.

आक्का म्हणजे आमच्या उत्तमबप्पांची थोरली बहीण. बप्पा माझे शेतशेजारी. गेवराईच्या अलीकडे, हमरस्त्यावरून आत वळलं की आमच्या दोघांच्या मोसंबीच्या बागा लागतात, मधे नुसता बांध. विहीर एकच, निम्मी त्यांची निम्मी माझी. मोटार एक, स्टार्टरची पेटी एक, पेटीला कुलूप एक. आणि त्या कुलपाची किल्ली भाऊबीजेपासून संक्रांतीच्या आसपासपर्यंत वडवणीला आक्कांच्या घरी असायची. म्हणजे विहीर आमची, झाडं आमची, आणि पाणी कधी सोडायचं हे ठरवणार सत्तरी उलटलेली बाई, तीही दोन एसट्या बदलून जावं लागेल इतक्या लांब बसून.

मोसंबी ज्यांना फक्त रसाच्या गाड्यावरची ठाऊक आहे, त्यांना हे येडेपण वाटेल, म्हणून थोडं सांगतो. मोसंबीचं झाड लाडानं फुलत नाही. दिवाळी झाली की त्याचं पाणी तोडायचं, पार तोडायचं. ह्याला ताण देणं म्हणतात. जमीन सुकते, पानं मलूल होतात, पिवळी पडतात, कडा आत वळतात आणि मग गळायला लागतात. आता आपलं काही खरं नाही अशी भीती झाडाला बसली पाहिजे, असं बप्पा सांगायचे. मग ते घाबरून फुलं काढतं. ती भीती पुरती बसली की एक हलकं पाणी द्यायचं, ती आंबवणी. थोडे दिवस थांबून दुसरं, ती चिंबवणी. मग नेहमीसारखं. सगळं शास्त्र एवढंच. पण ते हलकं पाणी द्यायचं कधी? घाई केली तर झाडाला नुसती पालवी फुटते, बाग हिरवीगार आणि फुलाचा पत्ता नाही. उशीर केला तर शेंडे वाळतात, मग फांद्या, मग झाड सरपणात. मोसंबी लावल्यापासून फळ हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. माझ्या वयाचा माणूस तेवढी वर्षं पुन्हा कुठून आणणार?

त्यात ताणाचे दिवस म्हणजे आमचं निम्मं गाव ऊस तोडायला गेलेलं. दारांना कुलपं, गल्लीत कुत्री आणि म्हातारी माणसं. अशा सुन्या दिवसांत दुपारी बागेत उभं राहिलं की वाऱ्याबरोबर पान गळाल्याचा आवाज ऐकू येतो. मी तर कान झाकून घ्यायचो.

बप्पा माझ्याहून भित्रे. अंगानं धिप्पाड, मिशा अशा की पाटलाच्या सोंगात चेहरा रंगवावा लागू नये, पण काळीज लोण्याचं. पूर्वी किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. एका वर्षी झाडांनी माना टाकल्या तसं त्यांना बघवेना. आधी बांधाकडच्या दोन-चार झाडांना त्यांनी बादलीनं पाणी घातलं, मग बाकीच्यांचं तोंड बघवेना म्हणून मोटारच चालू केली. त्या वर्षी आमच्या दोन्ही बागा इतक्या हिरव्या झाल्या की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मोसंबी मात्र घरी खायलासुद्धा विकत आणली. पुढच्या भाऊबीजेला बप्पा वडवणीला गेले तेव्हा आक्कांनी ओवाळायला घेतलेलं ताट तसंच हातात धरलं.

"साडी न्हाई पायजे मला," त्या म्हणाल्या. "कमरंची किल्ली टाक ताटात."

बप्पांना वाटलं थट्टा आहे. आक्कांच्या हातातलं ताट काही खाली होईना आणि निरांजन वाऱ्यानं विझायला आलेलं. त्यांनी किल्ली टाकली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात साडी आणि साडीवर किल्ली. ही हकिगत बप्पांनी मला परत आल्यावर बांधावर उभं राहून सांगितली आणि मी त्यांच्यावर असा भडकलो की आठवडाभर आम्ही बोललो नाही. निम्मी विहीर माझी होती की! पण बोलायचं कुणाशी? वडवणीला जाऊन आक्कांशी?

आक्का दिसायला काही विशेष नव्हत्या. बुटक्या, काटकुळ्या, नऊवारी लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मुलगा-सून पुण्याला. स्वतःची जमीन त्यांनी बटईनं दिलेली होती. कायम हातात सूप. ज्वारी निवडत नसल्या तर डाळ निवडत, डाळ नसली तर शेजारणीची डाळ निवडत. बोलताना वर बघायच्या नाहीत, आणि वर बघितलं की समोरचा बोलायचा थांबायचा. किल्ली मिरचीच्या डब्यात, तिखटात पुरलेली. चोर काढायला गेला तर शिंकून मरंल, असं त्या म्हणायच्या.

डिसेंबर सरत आला की बप्पा अस्वस्थ व्हायचे आणि मला म्हणायचे, "चल बे, एकदा आक्काला भेटून येऊ." मग माझ्या मोटारसायकलवर आम्ही बीडवरून वडवणीला जायचो. वाटेत बप्पा मागे बसून बोलायचं काय त्याची उजळणी करायचे. ओसरीवर पोचलं की त्यातलं एक अक्षर तोंडातून निघायचं नाही.

आक्कांच्या घरी एरवी पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या यायचा. ताणाच्या दिवसांत त्या मला पाणी द्यायच्या, बप्पांना नाही. बप्पांना थेट चहा.

"उत्त्या, हितं बस. उजेडाकडं तोंड कर."

बप्पा दाराकडं तोंड करून बसायचे. आक्का सूप खाली ठेवायच्या आणि भावाच्या तोंडाकडं बघत राहायच्या.

"आक्का, पानं गळायलीत," बप्पा कसंबसं म्हणायचे.

"मी इचारलं का?"

मी घोट घोट पाणी प्यायचो आणि आवाज होऊ नये म्हणून धडपडायचो.

"जेवन जातंय का?"

"जातंय."

"झोप?"

"लागती की."

"मग अजून न्हाई."

संपलं. सूप परत मांडीवर. हे असं दर वर्षी व्हायचं. त्या झाडाचं काहीच विचारायच्या नाहीत. एकदा बप्पांनी खिशातून पान काढलं, पिवळं, वळलेलं, कडक झालेलं. आक्कांनी ते हातात घेतलं नाही. "सगळ्या बागंत हिंडून वंगाळातलं वंगाळ पान आनलंस. चांगलं बी आनायचं हुतं एक." दुसऱ्या एका वर्षी मी धीर करून मोबाईलवरचे फोटो पुढं केले. "कंडक्टर," त्या म्हणाल्या, त्यांनी मला आयुष्यभर नावानं हाक मारली नाही, "तुमी तुमचं तिकिटाचं बगा. फोटूतलं झाड बोलत न्हाई. ह्याचं तोंड बोलतंय. लहानपनी ह्याची शेळी आजारी पडली की शेळीच्या आधी ह्याचं नाक सुकायचं."

"अहो पण आक्का, तुम्हीच एकदा बागेत चला ना," मी म्हणालो. "डोळ्यांनी बघा."

"मी आले तर झाडाकडं बगीन. मग मला बी कीव येईल. मग ह्यो आन मी, दोघं बी रडत बसू. पानी कोन धरून ठिवील? तुमी?"

मी काय धरून ठेवणार? मला तर रोज सकाळी वाटायचं की आजच सोडावं.

किती विचित्र वाटतं ना? पण खोटं कशाला बोलू, बहार यायचा. बप्पांना झोप येईनाशी झाली, भाकरी अर्धी राहायला लागली, गालफडं आत गेली, की एक दिवस आक्का तोंडाकडं बघून काही न बोलता आत जायच्या आणि मिरचीचा डबा उघडल्याचा आवाज यायचा. त्या आवाजानं मला दरवर्षी रडू फुटायचं. आम्ही दोघं गेवराईपर्यंत तिखटानं शिंकत यायचो. आंबवणी, चिंबवणी, आणि मग काही दिवसांनी पांढऱ्या कळ्या. तो वास बांधावर आला की बप्पा मिशांत हसायचे आणि म्हणायचे, "बगितलं का बे? आक्काला माझं तोंड कळतं." काही वर्षं चुकलीसुद्धा. एकदा आक्कांनी लवकर दिली आणि फूल विरळ आलं. पण त्याबद्दल आक्कांना विचारायची कुणाची छाती होती?

बप्पांचा नितीन बीडला असतो, मोबाईलचं दुकान आहे त्याचं. त्यानं एका वर्षी स्टार्टरच्या पेटीत मोबाईलवर चालणारं यंत्र बसवलं. बीडमध्ये बसून बटण दाबलं की गेवराईला मोटार चालू. बप्पा घाबरून गेले. म्हणाले, आता किल्लीचा काय उपयोग? ही बातमी आक्कांच्या कानावर कुणी घातली कोण जाणे, आमच्या गावात बातमी घालायला माणूस लागत नाही. नितीनला फोन आला.

"त्या डब्यात शिमकार्ड असतंय म्हनं?"

"असतंय आत्या."

"ते काढून मला आनून दे."

नितीन हसला. मग चार दिवसांनी मुकाट्यानं वडवणीला जाऊन सिमकार्ड देऊन आला. ते मिरचीच्या डब्यात किल्लीशेजारी राहिलं. पुढं ते यंत्रच बंद पडलं, पण सिमकार्ड आक्कांनी परत दिलं नाही.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, कारण हसलं की भीती थोडी कमी होते. एकदा मात्र वेगळं काही दिसलं. आम्ही ओसरीवरून निघालो, पेठेपर्यंत गेलो आणि माझं मफलर राहिल्याचं लक्षात आलं. बप्पांना चहाच्या टपरीवर बसवून मी परत गेलो. दार उघडंच होतं. आक्का देवळीपुढं उभ्या होत्या, हात तिखटानं लाल, आणि त्या लाल मुठीत किल्ली. मूठ थरथरत होती. मी मागं सरायच्या आत त्यांना चाहूल लागली.

"या," त्या म्हणाल्या. "बगितलं ना? बगा."

"आमच्या बापाची, आबाची बाग हुती," त्या म्हणाल्या. "आबा लई धीराचा. पानी तोडलं आन लोकायला म्हनायचा, बगा, माझं काळीज बगा. झाडं सकाळी बी मान वर करंनात, तरी सोडलं न्हाई. सगळी वाळली. दोन वरीस ती लाकडं आमी चुलीत घातली. मोसंबीचं लाकूड जळतानी बी गोड वास येतो, कंडक्टर. त्या वासावर मी भाकरी थापल्या." त्यांनी डोळे पुसले आणि हातांना तिखट असल्यानं डोळे आणखी झोंबायला लागले, तशा त्या पदरानं चोळत राहिल्या. "उत्त्याला भ्या वाटतं ते सगळ्याला दिसतंय. मला वाटतं ते तेला दिसलं तर त्यो हितंच बसून रडंल. तुमी बोलू नका."

मी बोललो नाही. पण त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली. ज्या बाईच्या जिवावर आम्ही निश्चिंत नव्हतो पण निदान उभे होतो, तीच थरथरत होती.

मागच्या हिवाळ्यात थंडी पडलीच नाही. पौषातसुद्धा दुपारी सदरा अंगाला चिकटायचा. बागेची वरची मुरमाड पट्टी आधी सुकली, मग खालची. आम्ही एकदा जाऊन आलो, आक्का म्हणाल्या अजून न्हाई. दुसऱ्या खेपेला बप्पा ओसरीवर बसले तेव्हा त्यांचं तोंड राखेसारखं झालेलं होतं. कपाळावर घाम. त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं, प्यायले, आणि परत मागितलं. हे कधी झालेलं नव्हतं. आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि मला त्यांच्या तोंडावर समाधानासारखं काहीतरी दिसलं.

"आता भ्या बसाया लागलंय," त्या म्हणाल्या. "आजून थोडं. आठवड्यानं या."

बप्पा वाद घालतील असं मला वाटलं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि भिंतीला धरून उठले. वाटेत बीडला त्यांनी गाडी थांबवायला लावली. पित्त झालंय म्हणाले. छातीवरून हात फिरवत बराच वेळ ते फुटपाथवर बसून राहिले आणि मी त्यांना सोडा आणून दिला. सोडा! देवा.

तीन-चार दिवसांनी भर दुपारी ते बागेत, झाडाच्या आळ्यातच कोसळले. माझ्या बायकोनं पाहिलं. जीपमध्ये घालून बीडच्या एका दवाखान्यात नेलं. हृदयाचा झटका. तिथल्या काचेच्या खोलीत त्यांना ठेवलं, नाकातोंडाला नळ्या लावल्या. डॉक्टर "बघू" म्हणाले.

नितीननं मला बाहेर घेतलं. "काका, आत्याला ह्यातलं काही कळू देऊ नका. ती खचंल. किल्ली तेवढी आणा. न्हाई तर दगडानं कुलूप फोडा."

मी आधी बागेत गेलो. दुसऱ्या दिवसाची सकाळ होती. ताणावरचं झाड दुपारी मान टाकतं, पण पहाटेच्या गारव्यानं पुन्हा सावरतं. त्या दिवशी सावरलं नव्हतं. पानं सकाळीसुद्धा लोंबत होती आणि वरच्या पट्टीत दोन-तीन शेंडे तपकिरी झालेले दिसले. मी दगड उचलला, पेटीपाशी गेलो. कुलूप साधंच, एका घावात तुटलं असतं. पण बप्पा तिकडं नळ्या लावून पडलेले आणि मी इकडं त्यांचं कुलूप फोडतोय, हे मला जमेना. दगड टाकला आणि मोटारसायकलला किक मारली. वडवणीपर्यंत काय सांगायचं ते घोकत गेलो.

आक्का तूर निवडत होत्या.

"उत्त्या कुठं हाय?"

"पावणे आलेत घरी," मी म्हणालो. "सोयरीक बघायला. म्हणून मीच आलो. बाग फार उतरलीय, आक्का. किल्ली द्या."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमी हितं बसा. उजेडाकडं तोंड करा."

मला ते आयुष्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. मी बसलो. दारातून येणाऱ्या उन्हानं डोळे बारीक झाले. आक्का बघत राहिल्या. मी बागेचा विचार करायचा आटोकाट प्रयत्न करत होतो, तपकिरी शेंड्यांचा, गळलेल्या पानांचा, आणि माझ्या डोळ्यांपुढं मात्र ती काचेची खोलीच येत होती.

"हे बागंचं भ्या न्हाई," आक्का म्हणाल्या.

मी खाली बघितलं.

"जिता हाय का?"

"हाय, आक्का."

त्या रडल्या नाहीत. सुपातली तूर त्यांनी हातानं एकदा इकडून तिकडं केली. "पानी मागत हुता," त्या म्हणाल्या. "दोनदा मागितलं. घाम आलता तेला. मला वाटलं बागच बोलायलीय. मी म्हनलं, आजून थोडं. कंडक्टर, त्यो मरायला टेकलाता आन मी म्हनलं आजून थोडं." मग त्या उठल्या, डबा उघडला, किल्ली काढली, धुतली नाही, तशीच कनवटीला लावली आणि माझ्या मागं गाडीवर बसल्या. पूर्ण वाटेत त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतलेली होती.

दवाखान्यात नितीन माझ्याकडं रागानं बघत राहिला, पण आत्यापुढं त्याचंही तोंड उघडलं नाही. आक्का आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"तोंडावर कायच न्हाई," त्या म्हणाल्या. "पुसून काढल्यागत हाय. भ्या न्हाई, तरास न्हाई. असं तेचं तोंड मी कवाच बगितलं न्हाई." त्यांचा आवाज चिरकला. "चला बागंत."

"आक्का, इथं थांबा हो. नितीन जाईल."

"हितं मी काय करू? हितलं मला कळत न्हाई."

ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही बागेत पोचलो. किल्ली त्यांच्याकडं जायला लागल्यापासून आक्कांनी ह्या बागेत पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या पहिल्या ओळीत शिरल्या, एका झाडापुढं थांबल्या, फांदीला हात लावला. पानं त्यांच्या हातात गळून आली. त्या दुसऱ्या झाडापाशी गेल्या, तिसऱ्यापाशी. मग माझ्याकडं वळल्या.

"हे मेलंय का जितं हाय?" त्यांनी विचारलं.

त्यांना झाडातलं काही कळत नव्हतं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्या तिकडं बसून सगळं जाणतात. त्यांना कळत होतं ते एकच, भावाचं तोंड, आणि ते तोंड आता बीडला पुसल्यागत पडलेलं होतं.

"सांगा की कंडक्टर. सोडू का पानी? का आजून न्हाई? चुकलं तर त्यो उठल्यावर तेला काय सांगू?"

"मला नाही कळत, आक्का," मी म्हणालो. "मला रोजच सोडावंसं वाटतं."

त्या पेटीपाशी गेल्या. किल्ली कुलपात जाईना. मी मदतीला पुढं झालो तर त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. कुलूप निघालं. हिरव्या बटणावर बोट ठेवून त्या थांबल्या. डोळे मिटले होते. ओठ हलत होते, देवाचं नाव होतं का आबाचं, मला ऐकू आलं नाही. मग बटण दाबलं गेलं आणि मोटार घुमली.

आंबवणी बप्पा ठिबकवर देत नसत, पाईप हातात धरून आळ्यांत देत. आक्कांनीही पाईप धरला. लुगडं खोचलं आणि त्या थेट आळ्यात उतरल्या. इतकी तहानलेली माती, पाणी पडलं तशी ती बुडबुड करायला लागली. आक्का दचकून मागं सरल्या.

"पुरे का?"

"हलकंच द्यायचं असतं."

"हलकं म्हंजी किती? पुरे कवा म्हनायचं?"

"आता पुरे."

पुढचं झाड. पुन्हा पुरे का? पुन्हा पुरे. पाय घोट्यापर्यंत चिखलात, कंबर वाकलेली, आणि प्रत्येक झाडापाशी तोच घाबरा प्रश्न. एक ओळ संपली तेव्हा माझ्या बायकोनं त्यांच्या हातातला पाईप काढून घेतला. "आक्का, मी करते," ती म्हणाली. आक्का बांधावर बसल्या. मला वाटलं आता त्या पडतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चला बीडला."

पुढं त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. मी आक्कांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, दवाखान्यात.

काचेच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागतात आणि एकालाच सोडतात. आक्का आत गेल्या, मी दारात उभा राहिलो. नर्स पलीकडं कसलंसं औषध भरत होती. बप्पा तसेच पडलेले, तोंड सपाट. आक्का स्टुलावर बसल्या, भावाच्या कानाशी वाकल्या, आणि मला वाटलं आता त्या सांगतील की पाणी सोडलं, काळजी करू नको.

"उत्त्या," आक्का म्हणाल्या. "झाडं मरायलीत रं."

मी दाराची चौकट धरली.

"शेंडे वाळलेत. कंडक्टर रडत आलता माझ्याकडं. पर मी किल्ली दिली न्हाई तेला. कुनालाच देनार न्हाई. तुला उठून यावं लागंल. आयकायलास का? समदी बाग जाईल उत्त्या, आबाच्या बागंसारखी."

काही झालं नाही. यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. आक्का पुन्हा बोलल्या, आणखी जोरात, झाडाझाडाचं वर्णन करून, जे झालं नव्हतं तेसुद्धा मिसळून. ती बाई खोटं बोलताना मी कधी पाहिली नव्हती. आणि मग बप्पांच्या कपाळावर एक आठी आली. दुसरी आली. भुवया जवळ आल्या, नळीखाली ओठ हलले, चादरीवरचा हात काहीतरी चाचपू लागला. यंत्राचा आवाज बदलला तशी नर्स धावत आली.

"आजी, काय करताय? त्यांना त्रास होतोय."

"हुतोय न्हवं?" आक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंड हसत होतं. "हू द्या. हू द्या तेला."

बप्पांचे डोळे किलकिले झाले. आधी ते वर छताकडं लागले, मग आक्कांच्या तोंडाकडं आले, आणि तिथून हळूहळू खाली सरकायला लागले. आक्कांनी घाईनं आपले चिखलानं भरलेले पाय लुगड्याच्या घोळात ओढून घेतले.